सात बाटल्यांची गोष्ट

सेमाडोहच्या रस्त्यावर मी शिटी मारून वाघाला बाजूला केलं, हे न ऐकलेला माणूस अकोल्यात शोधून दाखवा. पण माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट सलाईनची. ऊन लागून पडलो होतो. "डॉक्टरनं सात बाटल्या चढवल्या, अन् आठवी हातात धरूनच मी लग्नाच्या पंगतीत बसलो!" खरं म्हणजे बाटली एकच होती, तीही अर्धी. पण अर्ध्या बाटलीवर टाळी कोण देतं?

टाळी पहिली दादाची, माझ्या मोठ्या भावाची. तो नांदगाव खंडेश्वरला शेती करायचा. फावडं लागून त्याचा पाय चिघळला, हुडहुडी भरून ताप चढला. वहिनी म्हणाली, अमरावतीले चला.

"काहून? लहान्याले सात बाटल्यांनी उठवलं. मले काय चौदा लागतात?"

दोन दिवस तो घरीच पडून, गावातल्या कंपाउंडरनं लावलेली बाटली खुंटीला टांगलेली. तिसऱ्या सकाळी त्यानं वहिनीला ओळखलं नाही, तेव्हा मला फोन आला.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखमेतलं इन्फेक्शन अंगभर पसरलंय. बीपी पडलंय, म्हणून सलाईन द्यावंच लागतं, पण मोजून. जंतूंवरचं औषध दोन दिवसांपूर्वीच सुरू व्हायला हवं होतं." औषधानं दादाला जरा शुद्ध आली. पण दुपारपर्यंत छातीत पाणी उतरलं. त्यांनी सलाईन थांबवलं, ऑक्सिजन वाढवला.

दादा मास्क ओढून काढी. आमच्याकडे ऑक्सिजन लागला म्हणजे माणूस गेलाच, अशी समजूत. "बाटली लाव म्हना तिले," तो धापा टाकत म्हणाला. "हे कायले लावून राहिली?"

खरं सांगायची वेळ होती. पण खऱ्यानं त्यानं मास्क ठेवला नसता. मी खुर्ची पुढे ओढली. "दादा, तुले एक सांगाचं राह्यलं. त्या सात बाटल्यांवर मले दोन सिलिंडर ऑक्सिजन लागला होता. त्यानंच तर उठलो."

तो बघत राहिला. "मंग आधी काहून नाई सांगितलं बे?"

आणि मास्क त्यानं स्वतःच नाकावर नीट बसवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा गेला, तेव्हाही मास्क तसाच होता.

तेरवीला वहिनी वाढत होती. मी मान खाली घालून म्हटलं, "वहिनी, बाटली अर्धीच होती."

तिचा हात थांबला. मग तिनं भाजी वाढली, जराशी, आणि पुढच्या पानाकडे गेली.