बाहेर यायची बाजू

"आत कोणय जाता, वयनी. भायर कसो येतलो, ता आदी सांगा."

नव्या टबाभोवती एक फेरी मारून, कडेवर बोटांची पेरं ठोकत शेजारचे मेस्त्री असं म्हणाले, आणि मला मनस्वी राग आला. सगळा जन्म खाडीकाठी फायबरच्या होड्या बांधण्यात गेलेला. ह्यांना न्हाणीघरातलं काय कळणार? तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच, न विचारता खरं बोलणारा.

माझ्या नवऱ्याची उजवी बाजू झटक्याने लुळी पडली होती. त्याला रोज कोमट पाण्यात छातीपर्यंत बसवा, हातपाय सैल होतील, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, म्हणून मी कुडाळला जाऊन टब आणला. दुकानात चौकोनी होते, कोपऱ्यात बसणारे तिकोनीही होते. मी अंडाकृती निवडला, कारण तो सुंदर होता. इतके महिने औषधांच्या वासात काढल्यावर घरात एक तरी सुंदर वस्तू यावी, असं मला वाटलं.

"दिसाक बरो आसा," मेस्त्री म्हणाले. "अंड्यासारखो. पन अंड्यातसून भायर येवचा तर ता फोडूक लागता."

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

पहिल्याच दिवशी नवरा आत बसला, सुखावला आणि अडकला. गोल कडेवर त्याचा हात ठरेना, टबाच्या उतरत्या पाठीवरून तो सारखा खाली घसरे. मी काखेत हात घालून ओढलं, तर हनुवटीपर्यंत पाण्यात गेला. घाबरून मी बूच काढलं. पाणी गेलं आणि तो तळाशी उघडा, कुडकुडत पडून राहिला.

"कोणाक बोलव नको," तो म्हणाला.

अर्धा तास मी खरंच कोणाला बोलावलं नाही. मग कुंपणापाशी जाऊन हाक मारली.

मेस्त्री सावकाश आले. आधी त्यांनी पंचा नवऱ्याच्या अंगावर टाकला. "हात धरून वडू नकात, वयनी. दर्यातसून मानसाक होडयेत घेतत, तसो घेवया. पयलां आंग फिरवूचा." त्याला कुशीवर वळवून, कमरेखाली हात घालून त्यांनी टबाच्या काठावर घेतलं. त्याच्या तोंडाकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून नवऱ्याने पाण्याचं नाव टाकलं. व्यायाम बंद, बोलणं जवळपास बंद. हात आखडत चालला. हा माणूस उठायचंच सोडून देतोय की काय, ह्या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

एक दिवस मेस्त्री माप घ्यायलाच आले. त्यांनी त्याची उंची मोजली नाही. बऱ्या हाताची लांबी मोजली आणि खुर्चीतून उठताना तो हात कुठे टेकतो, ते बघितलं. महिन्याभरात फायबरचा टब तयार झाला. सरळ उभ्या बाजू, होडीसारखी रुंद सपाट कड, आत बसायला फळी, आणि डावी कड जरा खाली.

"डावो हात बरो, मगे भायर येवची बाजू डावी," ते म्हणाले.

टब गळतो का हे बघायला आत पाणी भरायचं सोडून त्यांनी तो खाडीत तरंगवला. अख्खी वाडी बघायला आली होती.

नवरा तरीही आत जाईना. तेव्हा मेस्त्री कपड्यांसकट कोरड्या टबात जाऊन बसले, उजवा हात पाठीमागे धरला आणि एका डाव्या हाताच्या जोरावर बाहेर आले. परत आत, परत बाहेर. पाचव्या खेपेला नवरा हसला. दुसऱ्या दिवशी तो पाण्यात बसला.

बाहेर काढायला मात्र मीच लागायचे. तो आत असेपर्यंत मी दाराशी उभी राहून पाण्याचा प्रत्येक आवाज ऐकायचे. मेस्त्री कुंपणावरून विचारायचे, "आज?" मी नकाराची मान हलवायचे. "बरां. फाल्यां," म्हणून ते कामाला लागायचे. असे कितीतरी उद्या गेले.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. होडी घासता घासता मेस्त्री बसल्या जागी गेले होते. मी तशीच धावले. त्यांच्या बायकोला धरून बसले, माणसं जमली, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी नवऱ्याला पाण्यात ठेवून आले आहे.

मी उठून पळाले. त्यांच्या अंगणाबाहेर आले, तर तो आमच्या फाटकातून काठी टेकत येत होता. केस ओले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"मेस्त्री गेले," मी म्हटलं आणि त्याला आधार द्यायला पुढे झाले.

"आयकलंय मी," तो म्हणाला. "माका धरू नको. तरी तेंका सांगूक व्हया, आज माझो मीच भायर इलंय."