प्रेसवरचा रंग आणि एक्साइजची नोटीस

आमच्या कारखान्यात डाळ मिलला लागणारी यंत्रं बनतात. चाळण्या, एलिव्हेटर, पॉलिशचे ड्रम असलं सगळं. लातूरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा उद्योग सुरू केला. मी बी.कॉम. होऊन त्यात शिरलो आणि आज पन्नाशीला आलो तरी घरच्यांच्या लेखी अजून शिकूनच राहिलोय. गिऱ्हाईक आलं, की माझ्यासमोर बसून, माझाच चहा पिऊन विचारतं, "मालक कधी येतेत?"

तर दसऱ्याआधी सगळी यंत्रं घरच्या माणसांनी रंगवायची, ही अप्पांची रीत. कामगारांना सुट्टी. उदगीरहून अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लेकरंबाळं घेऊन येते. जुन्या साड्या, फाटके शर्ट घालून आम्ही सगळे हिरव्या ऑइल पेंटचे डबे फोडतो. रंग हिरवाच. नवं यंत्र कितीही चकचकीत आलेलं असो, पहिल्या दसऱ्याला त्यालाही हिरवा. आपल्या शेडमध्ये आलं म्हणजे आपल्यातलं झालं, असं अप्पांचं म्हणणं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला माझी बायको हातात ब्रश घेऊन मला हळूच म्हणाली होती, "मी जरा लांबच उभी राहते. मीपण नवीनच आलेय."

कानाकोपऱ्याचं काम अव्वाकडं, म्हणजे आईकडं. तिला मोकळी जागा बघवत नाही. ग्रीस भरायची तोंडं, तेल दिसायची काच, यंत्राचा नंबर असलेली कंपनीची पाटी, सगळ्यावरून तिचा ब्रश सारखाच फिरतो. एका वर्षी तिनं स्विचवरची चालू-बंदची अक्षरंही रंगवली आणि पुढं महिनाभर आम्ही अंदाजानं मशीन चालवली. रंग वाळला की खंडेनवमीला भस्माचे तीन पट्टे ओढायचे, झेंडूची माळ घालायची. नवं कोणतं नि जुनं कोणतं, हे मग आम्हालाही चटकन सांगता येत नाही.

आता एक्साइजचं. एक्साइज, म्हणजे कारखान्यात बनलेल्या मालावरचा कर, होती त्या काळात आम्ही गुजरातेतून पत्रा वाकवायची एक मोठी प्रेस घेतली. विकणाऱ्यानं तिच्यावर एक्साइज भरलेली होती. तेवढी रक्कम आम्ही आमच्या मालावरच्या एक्साइजमधून वजा करून उरलेली भरायची, असा सरकारचाच नियम. त्याला क्रेडिट म्हणतात. एकाच गोष्टीवर दोनदा कर नको, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही क्रेडिट घेतलं, प्रेस चालू केली, दसऱ्याला रंगवली आणि विसरून गेलो. पुढं जीएसटी आला. एक्साइजची कटकट गेली म्हणून मी ओळखीपाळखीत पेढेसुद्धा वाटले.

पेढे पचायच्या आत जुन्या वर्षांचं ऑडिट आलं. दोन अधिकारी होते, बोलायला अगदी सभ्य. त्यातल्या तरुणानं विचारलं, ती नवी प्रेस कुठं आहे? मी रुबाबात बोट दाखवलं. तो तिच्याभोवती फिरला. नंबर नाही, पाटी नाही, अंगावर रंगाचे थर आणि वर भस्म. "ही तर माझ्या जन्माआधीची वाटते," तो म्हणाला. आमच्या यंत्रांच्या मजबुतीचं कौतुक होतंय असं वाटून मी हसलो. त्यानं ते लिहून घेतलं. बहुतेक माझं हसणंही.

मग नोटीस आली, इंग्रजीत. अप्पांनी ती माझ्यापुढं टाकली आणि काय म्हणतेत विचारलं. मी सांगितलं की त्यांना मशीन नीट दिसली नाही, असं म्हणतात. माझी बायको शाळेत शिकवते. चुकीचं वाचलेलं तिला सहन होत नाही. तिनं कागद घेतला आणि सरळ सांगितलं, "अप्पा, ते म्हणतात नवी प्रेस कधी आलीच नाही. तुम्ही नुसतं बिल आणलं, क्रेडिट घेतलं आणि जुनी मशीन नवी म्हणून दाखवली."

अप्पा कागद हातात घेऊन त्याच्या दोन्ही बाजू बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे म्या खोटं बोलून राहिलो म्हणा की."

आमच्या सीएंनी समजावलं की तडजोडीची सोय आहे, थोडी रक्कम भरा आणि मोकळे व्हा, बाजारात सगळे तेच करून राहिलेत. मला तर हे लगेच पटलं. मला सोपी गोष्ट नेहमीच लगेच पटते. अप्पा म्हणाले, "भरलं म्हंजे कबूल केलं. उद्या डाळ मिलवाला माज्या चाळणीला हात लावून इचारंल, हीबी जुनीच रंगवून दिली का?" त्यांची यंत्रं आजवर शब्दावर विकली गेली होती. तो शब्द एकदा खोटा ठरला, तर नव्या चाळणीवर कुणी विश्वास ठेवायचा? त्यापुढं सीएंची तडजोड कुणी काढली नाही.

मी पॉलिश पेपर घेऊन प्रेस घासायला निघालो, तर सीएंनी फोनवरच थांबवलं. तुम्ही घासून पाटी उघडी केली, तर ते म्हणतील कालच ठोकली. काय घासायचं ते त्यांनाच घासू द्या. तोवर बोटही लावू नका. आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न पडला. पाटी आत आहे का तरी? प्रेस उतरवताना क्रेनचा साखळदंड तिला घासला होता, एवढं मला आठवत होतं; त्यात पाटीच उडाली असली तर? अव्वाला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाव? मला तर समदं हिरवंच दिसतंय."

त्या दसऱ्याला सगळी यंत्रं रंगली, प्रेस तेवढी राहिली. तिची नुसती पूजा झाली. अव्वा ब्रश घेऊन दोनदा तिच्याजवळ गेली, आणि अक्कानं दोनदा तिला दंड धरून मागं आणलं.

सुनावणी नांदेडला होती. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन निघालो. अप्पा, मी, सीए आणि अव्वा. अव्वाचं काय काम, असं मी विचारल्यावर, मला घरी बसून काळजी करायला जमत न्हाई, तिथं बसून करते, असं तिनं सांगितलं. चाकूर, अहमदपूर, लोहा मागं पडेपर्यंत सीए कलमं पाठ करत होते आणि अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

सुनावणी घेणाऱ्या एक मॅडम होत्या. सीएंनी कलमं सुरू केली. दुसऱ्या कलमाला अप्पा उभे राहिले.

"मॅडम, तुमी माणूस पाठवा आन् खरवडून बघा. नंबर निघाला तर माजं खरं. न्हाई निघाला तर तुमचं. मग दंडासकट भरतो."

सीएंनी त्यांचा शर्ट मागून ओढला, पण तोवर बोलून झालं होतं. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, कंपनीची पाटी कुणी रंगवतं का हो? अप्पांनी सीएंकडं बघितलं. सीएंनी माझ्याकडं. मी मागं. मागच्या खुर्चीवरून अव्वा म्हणाली, "पूजेला अर्धवट रंगवलेलं कसं चालंल, बाई?"

मॅडम हसल्या नाहीत, पण पेन उचलायला त्यांनी जरा वेळ लावला. मग प्रत्यक्ष पडताळणी करायचा आदेश लिहिला.

पडताळणीला लातूरच्याच ऑफिसातले एक सुपरिंटेंडंट आले. सोबत एक सहकारी, रंग काढायचं औषध आणि पंच म्हणून शेजारच्या मिलचे दोघे मालक. हे दोघेही अप्पांचे गिऱ्हाईक, त्यामुळं आता बाजारात काय ते कळणारच होतं. अक्का उदगीरहून पहाटेच निघून आली होती. आम्ही सगळे ओळीनं उभे, लग्नात अक्षता धरून उभे राहतात तसे.

साहेबांनी अंदाजानं एका जागी औषध लावलं आणि खरवडायची पत्री फिरवली. हिरवा निघाला. त्याखाली हिरवा. त्याखाली निळा.

"निळा कसा?" साहेबांनी विचारलं.

अक्का लगेच म्हणाली, "हिरवा आणायला याला पाठवलं होतं." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. प्रेस आली त्या वर्षी दुकानात हिरवा संपला होता म्हणून मी निळा आणला, आणि त्या दसऱ्याला अख्खा शेड पोलिस चौकीसारखा दिसला. पंचांतल्या एका मिलवाल्यालाही ते चांगलंच आठवत होतं. त्यानं तसं सांगितलं, जरा जास्तच रंगवून.

निळ्याखाली कंपनीचा राखाडी होता. त्याखाली काही नाही, नुसतं लोखंड. पाटीही नाही. अप्पांनी हात मागं बांधले. साहेबांनी एक वीत खाली पुन्हा औषध लावलं आणि पत्री कशाला तरी अडली. हिरवा, हिरवा, निळा करत एक कोपरा उघडा झाला. मग पाटी ठोकलेली रिव्हेट, तिच्या डोक्यावरही तेच थर. साहेबांनी ती रिव्हेट नखानं दाबून बघितली, भिंग लावून बघितली, आणि आकडे एकेक करून मोठ्यानं वाचू लागले. सीए बिलावर बोट ठेवून "बरोबर" म्हणत होते. शेवटचा आकडा तीन की आठ, कळेना. बिलावर आठ होता. अव्वानं पदराचं टोक थिनरमध्ये बुडवलं आणि पुढं केलं. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, पदराकडं बघितलं, आणि स्वतःचा रुमाल काढून पुसलं.

आठ.

साहेब तसे चिकाटीचे. त्यांनी ताडून बघायला आमचा जुना लेथही एका ठिकाणी खरवडला. तिथं निळ्याखाली आणखी हिरवा, त्याखाली हिरवा. खपली निघाली ती बाजरीच्या भाकरीएवढी जाड. ती हातात धरून ते म्हणाले, "जुनी मशीन अशी असते होय."

टेबलावर बसून त्यांनी पंचनामा लिहायला घेतला, "यंत्र जागेवर आढळले". अप्पा वाकून बघत होते.

"नवी लिहा की, साहेब."

"अप्पा, आता नवी कशी लिहू? इतकी वर्षं वापरली तुम्ही."

"आली तवा नवी होती."

साहेबांनी थोडा विचार केला आणि वाक्य वाढवलं, "खरेदीवेळी नवे." अप्पांनी ते एकदा वाचलं. मग मान वळवून पंचांतल्या त्याच मिलवाल्याकडं बघितलं. त्यानं सही करता करता सांगितलं की दिवाळीनंतर त्याला एक मोठी चाळणी हवी आहे, रंग कुठला का असेना.

नोटीस रद्द झाल्याचा आदेश नांदेडहून पुढं आला तेव्हा घरात गोडधोड झालं, पण अप्पांचा उत्सव पंचनाम्याच्या दिवशीच सुरू झाला होता. साहेबांची गाडी गेटबाहेर वळायच्या आत त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या, प्रेसमध्ये पत्रा सरकवला आणि मला म्हणाले, "धर की तिकडून. मिलवाल्याची चाळणी काय दिवाळीनंतर सुरू करायची?"