हात लागलेला हत्ती

त्या रशियन बाईबद्दल माझी एक तक्रार आहे. तिने माझ्याशी व्यवहारात चलाखी केली. आदिलाबादकडच्या बोथच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. तिथे कोणी असं केलं असतं तर त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकवत सोडलं असतं. पण ही बाई बुद्धिबळातली ग्रँडमास्टर. तिला मराठी येत नाही, मला रशियन येत नाही, आणि समोरच्याला कळतच नसेल तर शिव्या वाया जातात.

मूळ भांडण मात्र तिच्याशी नव्हतं, माझ्या भाऊजींशी होतं. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान.

दुकान होण्याआधी मी डोक्यावर टोपली घेऊन तलमडुगूकडच्या गावांत फिरायचे आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचे. या धंद्यात सगळी कला हातात असते. जी साडी हवी तिच्याकडे बघायचंही नाही. नको असलेलं धोतर मात्र उचलायचं, उजेडात धरायचं, काठ चाचपायचा. घरधनीण त्या धोतरासाठी अडून बसते, आणि शेवटी ‘बरं, धोतर ठेवतो, ही साडी घेऊन जाय’ म्हणत आपल्याला हवी तीच साडी पुढे करते. माझं घर या हातांच्या लबाडीवर उभं राहिलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

उन्हं फार झाली की मी ताईकडे टेकायचे. भाऊजी तिथल्या शाळेत मास्तर. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर ते मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. बघून बघून मलाही चाली कळल्या. एक दिवस टोपली बाजूला ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले.

डाव बरा चालला होता. मला घोडा हलवायचा होता. तो त्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून मी सवयीने वजीर उचलला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

“आता वजीरच चालवा लागते,” भाऊजी म्हणाले.

“काऊन? मी तं फक्त पाहून राह्यली होती.”

“पाहाले डोळे देले हायेत. हात लावला का त्याची चाल झाली. नियम हाये.”

वजिराला जायला एकही धड घर नव्हतं. तो गेला, मागून राजा गेला. त्यावर भाऊजी ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाजारातल्या बाईचा हात थाऱ्यावर नसते. हा खेळ हिच्याच्यानं व्हाचा नाही.”

सगळे हसले. ताईसुद्धा पदराआड हसली. पुढे टोपली गेली, दुकान आलं, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, पण ते वाक्य जसंच्या तसं राहिलं. भाऊजींनी ते आपल्या तोंडाने मागे घ्यावं, एवढंच मला हवं होतं. सणाला त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढतानाही माझ्या डोक्यात तेच असायचं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. तेव्हा फोनवर हिंदीत समजावून सांगितलेले बुद्धिबळाचे डाव बघायची सवय लागली, आणि त्यात ही बाई सापडली.

ती थंड मुलखातल्या कुठल्याशा गिरणीच्या गावची. आई कामावर जाताना तिला गिरणीच्या क्लबात सोडून जायची. तिथे म्हातारे लोक बुद्धिबळ खेळत बसलेले असत. त्यांच्या मांडीवर ती खेळ शिकली आणि वर्षभरात त्यांनाच हरवायला लागली. बुद्धिबळात बायकांसाठी ग्रँडमास्टरची वेगळी पदवी असते, ती थोड्या कमी कामगिरीवर मिळते. ती पदवी पोरवयातच हिच्या हाती आली. कोणीही पेढे वाटले असते. ती मात्र म्हणाली की हे ठीक आहे, आता पुरुषांना जी देता ती बोला. आणि पुरुषांच्या स्पर्धा खेळून ती पूर्ण पदवीही मिळवली.

हे ऐकलं त्या दिवसापासून मी तिची झाले. माझी आई शेतात बाप्यांच्या जोडीने तण निंदायची, पण बायांची मजुरी वेगळी आणि बाप्यांची वेगळी. आईने कधी विचारलं नाही. या बाईने विचारलं.

पुढे ती जगज्जेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोचली. शेवटच्या डावात समोरच्या बाईने बरोबरी देऊ केली. हिची बाजू थोडी वरचढ होती, म्हणून हिने मान हलवून नकार दिला, आणखी ओढायला गेली आणि हरली. मी काउंटरवर अशी मूठ आपटली की झाऱ्यांची अख्खी जुडी खाली आली. सौदा तुटेपर्यंत ताणायचा नसतो, एवढं तिला तिथे कोणी शिकवलं नव्हतं. नंतर मूल झालं, काही वर्षं खेळ सुटला. परत आली तेव्हा शाळकरी मुलींकडून हरली. तरी येत राहिली. रशियाचं युद्ध सुरू झाल्यापासून तिच्या नावापुढे देशाचा झेंडाही दिसत नाही. चाळिशी उलटली, शिकवते, गावोगाव फिरून एकाच वेळी अनेकांशी खेळून दाखवते.

गेल्या हिवाळ्यात ती हैदराबादला स्पर्धेसाठी आली आणि तिथून आदिलाबादच्या एका शाळेने तिला बोलावलं. बक्षिसांचे स्टीलचे डबे माझ्या दुकानातून गेले. शाळेच्या माणसाने भाव पाडून मागितला. मी म्हटलं, देते, पण एका पटावर मी बसणार. पटांची व्यवस्था निवृत्त मास्तर म्हणून भाऊजींकडेच होती. यादीत मला बघून त्यांनी चष्मा काढून पुसला.

“शेठाणी, इथं भाव कराचा नसते.”

“तो करूनच आली, भाऊजी. तुमी आपल्या खुर्च्या मोजा.”

पट घोड्याच्या नालासारखे मांडले होते. आम्ही बाहेरून बसलेलो, ती आतून फिरणार. ती पटासमोर आली की आपण चाल करायची, तिने उत्तर द्यायचं आणि पुढच्या पटावर जायचं. मला हसू आलं. म्हणजे ही फेरीवाली आणि आम्ही आपापल्या ओट्यांवर बसलेली गिऱ्हाइकं. इतकी वर्षं मी जे केलं तेच आज ती करत होती. आणि फेरीवालीचं काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. पहिल्या गल्लीत ती ताठ असते. शेवटच्या गल्लीत पाय बोलतात, आणि बाई माल देऊन मोकळी होते. मी ठरवलं, आपली गल्ली शेवटची.

हात पदरात गुंडाळून बसले. जिथे मारामारी दिसली तिथे प्यादी पुढे सोडलीच नाहीत. आजूबाजूची मुलं तोऱ्यात हल्ले करत होती आणि एकेक करून उठत होती. दर फेरीला ती माझ्यासमोर यायची, फटकन चाल करायची आणि निघून जायची. माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी, केस कसेबसे बांधलेले, हातात पाण्याची बाटली. फोनमध्ये दिसते तितकी उंचही नव्हती.

भाऊजी माझ्या मागे उभे राहून जीभ टाळ्याला लावून चुकचुकत होते. प्रत्येक चालीनंतर एकदा. माझं डोकं तापत गेलं. उजव्या बाजूला माझं एक प्यादं हळूहळू पुढे सरकत होतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये असं मला वाटत होतं. बाई अजून दोन पटांपलीकडे होती. मागे पुन्हा चुकचुक झालं, आणि माझा हात पदरातून निघून डाव्या कोपऱ्यातल्या हत्तीवर गेला. उचलला, चाचपला, ठेवला. अगदी त्या धोतरासारखा.

“हात लागला,” भाऊजी म्हणाले. आवाजात दिवाळी होती.

तेवढ्यात ती समोर आली. भाऊजींनी खाणाखुणांनी तिला सांगितलं की या बाईने हत्तीला हात लावला. ती माझ्याकडे बघून हसली आणि हाताने दाखवलं की चालेल, मी नव्हते तेव्हाचं ते, हवी ती चाल कर. सूट तिने आपणहून दिली होती. पण भाऊजींच्या देखत सूट घ्यायची म्हणजे ते वाक्य मरेपर्यंत पक्कं झालं. मी हत्तीच घेतला. जायला जागा एकच होती, एक घर बाजूला. तिथे नेऊन ठेवला.

ती निघाली नाही.

पहिल्यांदाच तिचे पाय माझ्यासमोर थांबले. ती वाकली, तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले. मागची चुकचुकही थांबली. बऱ्याच वेळाने तिने घोडा हलवला आणि पुढे गेली, पण जाता जाता मान वळवून पुन्हा पाहिलं.

त्यानंतर ती फेऱ्या घालत राहिली आणि पट कमी होत गेले. मध्येच तिने बूट काढले आणि मोज्यांवर फिरू लागली. तिला शेवटची गल्ली लागली होती. शेवटी मी आणि ती, दोघीच उरलो. बाहेर तिला नागपूरच्या विमानाला नेणारी गाडी उभी होती. चालक दारात येऊन घड्याळ दाखवून गेला. बाजार उठायची वेळ झाली होती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं, तळहात सपाट धरला आणि म्हटलं, “ड्रॉ?”

तिने लगेच हात पुढे केला.

लगेच. श्वाससुद्धा घेतला नाही. तिचा हात हातात असतानाच मला कळलं, सौदा चुकला. पहिल्या बोलीला जो हो म्हणतो, त्याला आपण काहीतरी फुकट दिलेलं असतं. हीच बाई जगज्जेतेपदाच्या डावात बरोबरी नाकारून बसली होती, आणि माझ्यापुढे अशी घाईने राजी झाली. तिने बूट घातले, माझ्या त्या हत्तीच्या डोक्यावर बोटाने दोनदा टिचकी मारली, हसली आणि गाडीत जाऊन बसली.

लोक टाळ्या वाजवत होते. भाऊजी पटावर वाकलेले होते. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा खुललेला होता.

“सोडलं ना हातातलं,” ते म्हणाले. “ड्रॉ मागाच्या ऐवजी हत्ती सरळ खाली नेला असता तं तिचा घोडा मेला असता. मंग तुह्यं प्यादं वजीर झालं असतं. पण शेठाणीले दुकान बंद कराची घाई.”

माझं डोकं भडकणार होतं, इतक्यात कानात भाव वाजला. मी आवाज एकदम मऊ केला.

“म्हंजे भाऊजी, मी जिंकून राह्यली होती?”

त्यांच्या तोंडातून माल निसटला होता.

“जिंकून राह्यली नव्हती. जिंकता आलं असतं.”

“कोणाले?”

“जो तिथं बसला होता त्याले.”

“तिथं कोण बसलं होतं?”

ताईच्या घरापर्यंत हे असंच चाललं. ते एक शब्द देत आणि अर्धा परत घेत. ताईने चहा ठेवला. मी म्हटलं, भाऊजी, आता ताईसमोर एकदा सरळ बोला, नाहीतर उद्या मी विहाराच्या ओट्यावर पट मांडते आणि सगळ्यांदेखत तुम्हाला तो हत्ती कुठे जायला हवा होता ते विचारते. त्यांनी कप ठेवला.

“हिचा डाव जिंकाचा होता,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “ग्रँडमास्टरणीसोबत. हात लागलेल्या हत्तीनंच.”

“अन् थे बाजारातल्या बाईचं?” मी विचारलं.

“थे मागं घेतलं म्हण ना. चहा पिऊ दे.”

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “एवढ्यासाठी इतके दिवस माह्या घरचा चहा कडू करून राह्यले होते काय दोघं?” म्हणाली, आणि पुन्हा पदराआड हसली. या वेळी मी तिला माफ केलं.

भाऊजींचा हिशोब तिथे मिटला. त्या बाईचा राहिला आहे. अजूनही दुपारी मी तिचे डाव बघते. मागच्या आठवड्यात तिने एका तरण्या ग्रँडमास्टराला हरवलं, आणि मी काउंटरवर हात आपटला, या वेळी आनंदाने. झारे पडले ते पडलेच. पण समोरच्याने बरोबरी मागितली की ती आता किती वेळ विचार करते, ते मी नीट बघत असते. बहुतेकांना ती ताटकळत ठेवते.