आपाने वळवलेला चौथा हात

शाळेत सहावीचा तास चालू असताना रुबीनाचा फोन आला. "बाई, अम्मी गेली..." एवढंच ती बोलू शकली. दुकानात काम करता करताच तिच्या अम्मीने, शमीमआपाने, खुर्चीत मान टाकली होती. त्याला आता महिना होईल.

चिमूरच्या बाजारात आपाचं प्लास्टिक दुरुस्तीचं दुकान. फुटके टब, खुर्च्यांचे पाय ती तापल्या सळईने जोडून द्यायची. स्वभावाने फार भित्री. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, गावाबाहेरच्या रस्त्यालाही भ्यायची. मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ते मोडका ड्रोन घेऊन. आमचं धानाचं शेत जंगलाला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बांधावरून वाघाने एका बाईला नेलं, तेव्हापासून कापणीला आत शिरताना सगळ्यांचे पाय अडतात. आधी वरून पाहून घ्यावं म्हणून मी मोटारी आणि कॅमेरा आणून ड्रोन जुळवला, वनरक्षकांना विचारून घेतलं. पण पहिल्यांदा पडला तेव्हाच त्याचा सांगाडा काचेसारखा तडकला.

"कडक हाय म्हणून तुटते," आपा म्हणाली. "ड्रमचं प्लास्टिक घेऊ. ते वाकते, तुटत नाई."

तिने पाण्याचा जुना निळा ड्रम कापला. सुताराकडून सागवानाचा दोन भागांचा साचा करून घेतला. पत्र्याच्या पेटीत तुकडा मऊ होईस्तोवर तापवायचा, साच्यात घालून क्लॅम्पने आवळायचा आणि पूर्ण थंड होईपर्यंत खोलायचा नाही. पहिला सांगाडा इतका लवलवीत निघाला की मोबाइलवर चित्रच थरथरायचं. मग तिने पंखे बसवायचे त्याचे चारही हात सपाट न ठेवता पन्हाळीसारखे वळवले. ते ताठ राहिले. छपरावरून टाकून पाहिला... काही झालं नाही.

गेल्या कापणीच्या पहिल्या सकाळी आपाही शेतावर आली, पण गाडीतून उतरेना. माझी वहिनी आणि चार बायका आमची वाट न पाहता पलीकडून आत शिरल्या होत्या. मोबाइलवर नाल्याकाठचं वाळलं गवत दिसलं. ते हललं, आणि त्यात पट्टे दिसले. मी कळ भलतीकडेच दाबली. ड्रोन मोहाच्या फांदीवर आदळून खाली गेला, पडदा काळा पडला. आता वाघ कुठे आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. मी काळा पडदाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

तेवढ्यात आपा गाडीतून उतरली. जेवणाच्या डब्यावर झाकण आपटत ती बांधावरून थेट बायकांकडे चालू लागली. "निघा बाहेर. कापू नका, निघा." ओढणी घसरली होती, पण ती थांबली नाही. पाचही जणी बाहेर आल्या. गाडीशी पोहोचल्यावर आपाला उलटी झाली.

"आपा, तुम्ही गेलात कशा?"

"मले काय माहीत, बाई. इथी बसून जास्त भेव लागून राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी वनरक्षकांनी ड्रोन आणून दिला. पंखे मोडले होते, सांगाडा शाबूत होता. तरी या कापणीसाठी तिने नवा करायला घेतला, अधिक जाड.

परवा दुकानात गेले. तीन हात टेबलावर तयार होते, चौथा साच्यात. थंड झाल्याशिवाय खोलायचा नाही, असं अम्मीने सांगितलं होतं म्हणून रुबीनाने महिनाभर क्लॅम्पला हात लावला नव्हता. आम्ही दोघींनी मिळून तो खोलला. हात सरळ, स्वच्छ निघाला. रुबीना तो ओढणीने पुसत राहिली...

काल सकाळी मी नव्या सांगाड्याचा ड्रोन उडवला. वहिनी विळा घेऊन बांधावर उभी होती. "काही दिसून राह्यलं काय?" तिने विचारलं.

काहीच दिसत नव्हतं. पण 'जा आत' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. बॅटरी संपत येईस्तोवर मी त्याच नाल्यावर ड्रोन फिरवत राहिले.