केणी आणि रिकामी टोपली

केणी फोटो नुसता बघत नसत, करून बघत. दोरीवर टांगलेल्या फोटोत एखादा म्हातारा काठीला टेकून उभा असला, तर केणी कोपऱ्यातली छत्री घेऊन तसेच टेकत, मान तितकीच वाकवत आणि मिनिटभर तसेच राहत. मग सरळ होऊन म्हणत, "ह्यो म्हातारा दमलेला नाय. याला कुनीतरी 'उभा ऱ्हा' बोललाय." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. ज्यांनी तो फोटो काढला होता ते डॉक्टर साठे मात्र हसले नाहीत. म्हाताऱ्याला त्यांनीच उभं केलं होतं.

ही पनवेलची, पन्नास सालानंतरची गोष्ट. डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत दर रविवारी चार वाजता आम्ही सात-आठ हौशी मंडळी आपापले फोटो घेऊन जमत असू. नियम डॉक्टरांचा: ज्याचा फोटो, त्याने चहा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासे करत बसलं की ऐकणं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं. नियम चांगला होता, पण माझ्या बाबतीत त्याचा काही उपयोग नव्हता. मंडळात मी एकटीच बाई. मुलींच्या शाळेत शिकवत होते, वय सव्वीस. माझा फोटो आला की सगळे "छान, छान" म्हणून पुढच्या फोटोकडे वळत. कौतुकाने कुणी शिकत नाही हे मी वर्गात रोज बघत होते. तरी ते गोड लागायचं, हेही खरं.

केणी मिठागरावर मुकादम होते. मीठ खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला जाताना त्यांना आपला बॉक्स कॅमेरा देऊन गेला होता. धोतर, वर कोट, पायात मिठाने पांढऱ्या पडलेल्या वहाणा. माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मला "तू", डॉक्टरांना "तुमी". मत मात्र दोघांना सारखंच रोखठोक. डॉक्टर एकदा म्हणाले, "केणी, जरा गोड बोलत चला." त्यावर केणी म्हणाले, "गोड बोलाया पावने येतात. आपुन पावने हाव काय?" केणी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फोटोंची पेटी कुठे गेली ठाऊक नाही, पण ते हाताखाली काम करणाऱ्यालाही असंच तोंडावर आणि एकदाच सांगत, हे मिठागरावरच्या बायका अजून सांगतात.

त्या वर्षी मे महिन्यात मी मिठागरावर हिराचा फोटो काढला. हिरा डोक्यावरून मीठ वाहणारी. मागे पांढरी रास, तिरपं ऊन, डोक्यावर टोपली. मंडळाने तो एकमताने मुंबईच्या हौशी छायाचित्रांच्या प्रदर्शनासाठी निवडला. आमच्यापैकी कुणाचाही फोटो आजवर तिथे लागला नव्हता. पुढच्या आठवड्यात टपालात टाकायचा होता. रविवारी केणी उठले, हात वर नेला, मान ताठ केली आणि तसेच उभे राहिले.

"उजेड झकास हाय," ते म्हणाले. "पन टोपली रिकामी हाय."

खोलीत सगळे हसले. मी हसले नाही. टोपली रिकामीच होती. मी कॅमेरा जुळवेपर्यंत हिरा वैतागली होती, "किती येल उभी ऱ्हाऊ, बाय?" तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, ओत ते मीठ आणि नुसती टोपली घे. मला ते सोयीचं वाटलं होतं आणि दयेचंही.

"भरलेली असली का मान अशी ऱ्हातच नाय," केणी म्हणाले. "दुसरा काढ. अजून आट दिस हाईत."

चहा आला तशी मी बोलले. "केणीकाका, तुमचा एकही फोटो मुंबईला गेला नाही, म्हणून का हे?"

केणींनी चहा बशीत ओतला, फुंकून प्याले. "नाय गेला, खरा हाय. पन टोपली रिकामीच हाय."

मी तोच फोटो पाठवला. तो लागलाही. ठाण्यावरून एस.टी.ने आम्ही सगळे दादरला बघायला गेलो. केणी धुतलेला कोट घालून आले होते. फोटोसमोर एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. मी काढलाय कळल्यावर म्हणाले, "काय भार आणलाय हो मानेवर! कष्टाचं ओझं नुसतं बघूनही जाणवतं." मग केणींकडे वळून, "तुम्ही तिकडचेच ना? तुम्हाला काय वाटतं?"

टोपली रिकामी होती, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

"उजेड चांगला धरलाय बाईनं," केणी म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे गेले.

परतताना मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. मुंब्रा आलं. मग विचारलं, "तिथे का नाही बोललात?"

"तुला बोललो ना त्या रविवारी. त्याला कशाला सांगू? त्याला काय दुसरा फोटो काढायचा हाय?"

चूक ज्याला सुधारता येते त्यालाच ती सांगायची, हे इतक्या सरळपणे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. माफी मागायला हवी होती. मी तिकीट पर्समध्ये ठेवलं.

पुढच्या मे महिन्यात हिराने मला लांबूनच ओळखलं. "या टायमाला रिकामी नाय ना करायची?" म्हणाली आणि थांबली नाही. बांधावरून तिच्या पुढे उलट्या पावलांनी चालताना मी दोनदा चिखलात बसले. बायका पोट धरून हसल्या. बारांपैकी अकरा फोटो हलले. बारावा मी रविवारी दोरीवर लावला. ऊन साधंच होतं, हिराचं तोंड आवळलेलं, गळ्याच्या शिरा वर आलेल्या.

"आधीचा जास्त सुबक होता," डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

केणी उठले. दोन्ही हात वर नेले, खांदे आवळले, हनुवटी आत घेतली. या वेळी बराच वेळ उभे राहिले. हात खाली आले तेव्हा मानेवरून तळवा फिरवत होते.

"मान दुकली," ते म्हणाले. मी श्वास सोडते न सोडते तोच पुन्हा फोटोकडे वाकले. "पन पाय कशाला कापलंस तिचं? बांदावरनं भार घेऊन चालनारी बाई पायानं चालते. मी पाय कसं ठेवू, सांग ना."

फोटो गुडघ्यावर संपत होता. चहा अजून यायचा होता, त्यामुळे मला उत्तर देता येत नव्हतं.

शाळेला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कॅमेरा घेऊन मिठागरावर गेले.