बुकमार्कची चिट्टी

मंगळवारी सकाळी मी येसराच्या मसाल्यासाठी गहू भाजत होते आणि ओट्यावरचा फोन वाजला. ज्या बुकमार्कच्या साइटवरून माझ्या ब्लॉगला वाचक मिळायचे, तिचं पत्र होतं. इंग्रजीत, चांगलं लांबलचक. माझं इंग्रजी बाजारातल्या बिलापुरतं. मी मुलीला हाक मारली. ती कॉलेजला निघाली होती, एका पायात चप्पल तशीच ठेवून तिनं वाचलं.

"मम्मी, तुझं अकाउंट बंद केले. बोलतायत की ग्रुप बनवून चीटिंग केली."

"कुणी केली?"

"तू."

मी गॅस बंद केला. तिनं पुढचं वाचलं. माझ्या एकटीचं नाही, आमच्या गटातल्या पाचही जणींची खाती बंद झाली होती. काही म्हणायचं असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत लिहून कळवा, त्यानंतर खाती आणि खात्यांत साठवलेलं सगळं कायमचं पुसलं जाईल.

तक्रार कुणी केली हे मला त्याच क्षणी कळलं, असं मला वाटलं. तिसऱ्या मजल्यावरची. पुण्याची.

आम्ही हैदराबादेत, मलकपेठेत राहतो. आईवडील मराठवाड्यातून इथे आले तेव्हा मी दुसरीत होते. बारावीनंतर शिक्षण थांबलं, लग्न झालं, आणि मी घरीच येसर आणि काळा मसाला करून विकायला लागले. मला कुणी धंदा शिकवला नाही. बेगम बाजारात मिरचीच्या पोत्यापाशी उभी राहून मी शिकले. वरची मिरची बघायची नाही, हात कोपरापर्यंत आत घालून मधली काढायची. देठ मोडायचा, बी वाजवून बघायचं, मग भाव बोलायचा. एक दुकानदार मला बघितलं की नोकराला म्हणतो, "अक्का आगए, अब दो घंटे गए." म्हणतो, पण माल मला खरा देतो.

हे सगळं मी ब्लॉगवर लिहायला लागले. मसाला कसा करायचा, माल कसा ओळखायचा, रंग लावलेली मिरची कशी पकडायची. पहिले सहा महिने तो ब्लॉग मी वाचायचे आणि माझी मुलगी वाचायची. मुलगी म्हणजे बळंच, कारण तिला मराठी वाचताना एकेक अक्षर जुळवावं लागतं.

मग लिफ्टमध्ये ती तिसऱ्या मजल्यावरची भेटली. आयटीतली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचाही ब्लॉग होता, हातमागाच्या साड्यांवर. तिनंच मला बुकमार्कचं समजावलं. आपल्याला आवडलेल्या पानाचा पत्ता त्या साइटवर ठेवायचा, त्याला 'मसाले', 'हैदराबाद' असे एक-दोन शब्द चिकटवायचे. दुसरं कुणी तोच शब्द शोधत आलं की त्याला ते पान दिसतं. जितके जास्त लोक एखादं पान ठेवतील तितकं ते वर चढतं, आणि वर चढलेल्या पानावरच लोक टिचकी मारतात.

मला तेवढंच ऐकायचं होतं. जास्त लोकांनी ठेवायला हवं ना? मग लोक मी आणते.

हैदराबादेत भिशीला चिट्टी म्हणतात. पाच-दहा बायका एकत्र येतात, दर खेपेला चिठ्ठी काढतात, जिचं नाव निघेल तिला सगळ्यांचं मिळतं. सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत कुणी मध्येच सोडायचं नाही, एवढाच नियम. मी चिट्टी लावली बुकमार्कची. मी, तिसऱ्या मजल्यावरची, आमच्या बुद्धविहारातल्या दोघी आणि गौलीगुड्यातल्या एक निवृत्त बाई, ज्यांनी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. रविवारी चार वाजता माझ्या घरी चहा, मग चिठ्ठी, मग जिचं नाव निघेल तिचा ब्लॉग उघडायचा आणि पाचही जणींनी तिथेच, माझ्याच वायफायवर, ते पान साइटवर ठेवायचं. बाई पहिल्या दिवशी चष्मा सावरून वाचायला बसल्या तर मी म्हटलं, "वाचायचं नंतर बाई, आधी ठेवा."

पहिला नंबर तिसऱ्या मजल्यावरचीचा लागला. तिच्या साड्यांवर वाचकांची झुंबड उडाली. दुसऱ्या रविवारी ती आली. तिसऱ्या रविवारी ऑफिसचा कॉल होता. चौथ्या रविवारीही कॉल. पाचवा रविवार माझा होता, कारण चिट्टी लावणारीनं आधी हात मारला असं कुणी म्हणू नये म्हणून मी माझं नाव चिठ्ठीत टाकलंच नव्हतं, शेवटी ठेवलं होतं. त्या रविवारी तर तिनं फोनही उचलला नाही. रंगवलेल्या मिरचीवरचा माझा लेख चौघींनीच ठेवला. तरी सोमवारी माझ्या ब्लॉगवर इतके लोक आले की मी दिवसभर फोन खाली ठेवला नाही.

आणि मंगळवारी हे पत्र.

दुपारी विहारातल्या दोघींचे फोन आले. त्यांचं काही मोठं नुकसान नव्हतं, घाबरल्या होत्या एवढंच. "पोलीस तर येणार नाहीत ना?" असं एकीनं विचारलं. मी तिला झापलं. मग बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता.

"अगं, माझं साठवलेलं दिसत नाही. परत दिसेल ना?"

"दिसेल बाई. मी बघते."

त्याच दिवशी मुलीला बसवून मी पहिला अर्ज सांगितला. मी भाव करते तसा केला. आमचं सगळं एक महिना बंद ठेवा, मग सोडा. नाहीतर आम्ही ठेवलेली ती पाच पानं काढून टाका आणि खाती आज सोडा. आणि हेही नको असेल तर तुमचं काय म्हणणं ते बोला. बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं, तीन ओळींचं. आम्ही सौदा करत नाही. हे कुणी ठरवलं, कसं केलं, कुणाकुणाला माहीत होतं, ते स्पष्ट लिहा. मुदत तीच.

मी मुलीला म्हटलं, लिही. आणि जे तोंडाला येईल ते सांगत सुटले. ती टाइप करत नव्हती, नुसती बघत होती.

"लिहीत का नाहीस?"

"कैकू लिहू? हे पाठवलं तर आजच उडवतील."

गुरुवारी सकाळी मी गौलीगुड्याला गेले. मला बाईंना सांगायचं होतं की तुमचं जे गेलं असेल ते आपण परत शोधू, त्यात काय एवढं. बाईंनी मला आत बसवलं आणि एक फाइल पुढे ठेवली. या शहरातल्या जुन्या मराठी शाळांवर त्या पुस्तक लिहीत होत्या. कुठल्या गल्लीत कुठली शाळा होती, कोण शिकवायचं, कोणती केव्हा बंद पडली. चार वर्षं त्या इंटरनेटवर शोधत होत्या आणि सापडलेलं प्रत्येक पान त्या खात्यात ठेवत होत्या. कुणाच्या आठवणी, कुणी टाकलेला वर्गाचा फोटो, कुणाच्या आजोबांचं पत्र. शेजारी त्यांची स्वतःची टिपणं. फाइलमध्ये होती ती नुसती प्रकरणांची नावं.

"बाई, कागदावर नाही उतरवलं?"

"तिथे आहे म्हणून तर नाही उतरवलं. डोळे कुठे साथ देतात आता."

चिट्टीत यायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे मला आठवत होतं. त्यांच्या ब्लॉगवर दोन लेख होते आणि त्यांना वाचकांची घाई नव्हती. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही नाही म्हणालात तर पाच होत नाहीत, चिट्टी बसत नाही. त्या माझ्या शब्दाखातर आल्या होत्या.

"शुक्रवार म्हणजे उद्याच ना गं?" त्यांनी विचारलं.

परत आल्यावर मी घरी गेलेच नाही, लिफ्टनं थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. तिनं दार उघडलं, कानात ते हेडफोन.

"पहिला नंबर खाल्ला, पळून गेलीस, आणि वर तक्रार करतेस?" मी एरवी तिला अहो-जाहो करते. त्या दिवशी करवेना.

तिनं हेडफोन काढला. "ताई, मी तक्रार केलेली नाही. माझं पण अकाउंट गेलंय."

"मग त्यांना स्वप्न पडलं?"

"चार-पाच खाती, एकच वायफाय, दर रविवारी त्याच दहा मिनिटांत तेच पान. त्यांना कुणी सांगायची गरज नाही, मशीनच पकडतं. मी तुम्हाला मेसेज केला होता."

"कधी?"

"तिसऱ्या रविवारी. मोठा मेसेज होता."

मी तिथेच दारात फोन काढला. होता. इंग्रजीत, भला मोठा. मला तेव्हा वाटलं होतं, न येण्याची कारणं लिहिली असतील, आणि मी तो उघडला नव्हता. आता तिनंच तो मराठीत सांगितला. साइटचे नियम तिनं वाचले होते. ठरवून एकमेकींची पानं ठेवणं चालत नाही, हे थांबवू या, असं लिहिलं होतं.

मी फोन पर्समध्ये टाकला.

"हे नियम तू कधी वाचलेस?"

ती हातातला हेडफोन उलटसुलट करत राहिली.

"पहिल्या रविवारी माहीत होते?"

"दुसऱ्या दिवशी वाचले," ती म्हणाली. "सोमवारी. तेव्हा वाचक यायला लागले होते, ताई."

"म्हणून दुसऱ्या रविवारीही आलीस. चहा पिऊन गेलीस."

"हो."

यावर मला आणखी बरंच बोलता आलं असतं. मी तिला बाईंच्या फाइलबद्दल सांगितलं. चार वर्षं, उद्या बारा वाजता. ऐकता ऐकता तिनं लॅपटॉप जवळ ओढला आणि मला आत यायला सांगितलं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं.

मी सांगितलं, लिही की ठरवलं मी. बोलावलं मी. वायफाय माझं. बाकीच्यांना मी म्हटलं की असंच असतं, त्यांनी विश्वास ठेवला. माझं खातं कायमचं पुसा, मी नवीन उघडणार नाही. बदल्यात काही मागत नाही, पण ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सोडा. त्यांची नावं खाली देते. मी तीन नावं सांगितली. विहारातल्या दोघी आणि बाई. तिथे थांबले.

तिची बोटं थांबली. चौथं नाव तिचं. ते मी घालावं की नाही, हे तिनं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. तिच्या खात्यावरही तिनं बरंच काही जमवलेलं असणार. माझं खातं जाणारच होतं, तिचं वाचवायचं की नाही हे माझ्या हातात होतं, आणि मी तिच्याकडे बघत राहिले. खरं सांगते, मला ते आवडत होतं.

मग तिनं स्वतःच एक ओळ टाइप केली आणि मला वाचून दाखवली. मला नियम माहीत होते, मी दुसऱ्या दिवसापासून जाणूनबुजून सामील होते. खाली तिनं तिच्या खात्याचं नाव टाकलं.

"पाठवू?"

"पाठव."

शुक्रवारी सकाळी मी मसाला कुटायला काढला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला बाईंनी फोन केला, मी उचलला आणि म्हटलं, अजून नाही, ठेवा, लाइन मोकळी असू द्या. त्या म्हणाल्या, अगं पत्र काय फोन करून येणार आहे? तरी ठेवला. अकरा वाजता मुलगी म्हणाली, "मम्मी, कॉलेज?" मी म्हटलं, आज नक्को. पत्र आलं तर वाचणार कोण? ती माझ्याशेजारी बसून दर मिनिटाला पान ताजं करत होती.

बाराला वीस मिनिटं कमी असताना आलं. तीन खाती सोडली. दोन पुसली. ब्लॉगचे पत्ते बंद केलेले नाहीत, इतर कुणाला आमची पानं ठेवायची असतील तर ठेवू शकतात. पुन्हा असं झालं तर मात्र पत्तेही जातील.

मी बाईंना फोन केला. पलीकडून बराच वेळ नुसता चष्म्याच्या डबीचा आणि खुर्चीचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "आहे गं. टिपणंसुद्धा आहेत." त्यानंतर त्यांनी मला पाच मिनिटं रागावून घेतलं, शाळेतल्या मुलीला रागवावं तसं. मी ऐकून घेतलं. आज दुपारीच कुणाला तरी बसवून सगळं कागदावर काढा, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावरची लिफ्टमध्ये भेटते. मी 'काय हो' म्हणते, तीही 'काय ताई' म्हणते. पाच जणींतून चौघींनीच माझा लेख ठेवला होता, ते मी विसरलेले नाही. नियम माहीत असून तिनं आपला नंबर पदरात पाडून घेतला, हे तर मुळीच नाही. पण तिनं ती ओळ लिहिली होती, म्हणून भांडता येत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

ब्लॉगवर वाचक पहिल्यासारखे झाले, म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. दोन आठवड्यांनी मुलीनं दाखवलं की रंगवलेल्या मिरचीचा लेख त्या साइटवर कुणीतरी नव्यानं ठेवलाय. खात्याचं नाव बघितलं. मी फोन लावला.

"बाई, काय केलंत? आधी काढा ते! परत पकडतील, सगळं जाईल तुमचं!"

"कशाला पकडतील? काल बसून वाचला मी लेख. पहिल्यांदाच वाचला. बेगम बाजारातून आणलेली माझी मिरची पाण्यात टाकून बघितली, तर पाणी लालभडक. म्हणून ठेवला."

"नका ठेवू म्हणते ना मी!"

"चाळीस वर्षं वर्गात कुणाचं ऐकलं नाही, आता तुझं ऐकू?" त्या म्हणाल्या. "आणि तो दुसरा परिच्छेद फार लांबलाय. तो आधी कमी कर."