रिंगखालची जागा

झाहले गावच्या बाजारात तन्नूस बरहूशला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. बेकरीत झातरचा मसाला लावलेली रोटी घ्यायला गेला की भट्टीवरचा नखले सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "आला बघा आपला दानशूर! काय रे, त्या टेरेलला हात देऊन उठवलंस ते ठीक. कॉफी का नाही विचारलीस?"

"साखर किती घेतो ते माहीत नव्हतं," तन्नूस म्हणायचा आणि रोटी उचलून चालू लागायचा.

झालं होतं ते असं. बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगची उपांत्य मालिका, चौथा सामना, बैरूतमध्ये. बैरूतवाल्यांचा अमेरिकन सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा धिप्पाड गडी, टेरेल, सात फुटाला दोन बोटं कमी, रिंगखाली तन्नूसवर आदळून पडला. तन्नूसनं हात पुढं केला. झाहलेत पडलेल्या माणसाला ओलांडून कुणी जात नाही. टेरेल उठला, आभार मानले, आणि तसाच दुसऱ्या टोकाच्या रिंगकडं पळत सुटून लांबून आलेला चेंडू रिंगमध्ये कोंबून मोकळा झाला. तन्नूस तेव्हा हाताची धूळ झटकत होता. सामना त्या एका बास्केटनं गेला. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत आली.

पाचवा सामना झाहलेत होता. जो जिंकेल तो अंतिम फेरीत. तन्नूस अडतीस वर्षांचा. अंतिम फेरी त्यानं फक्त टीव्हीवर पाहिलेली. गुडघे कुरकुरायचे. बायको रिमोंदानं बजावलं होतं, "हरलात तर बास. बूट मी स्वतः भाच्याला देऊन टाकीन." तन्नूसनं मान डोलावली होती. बाई बोलली की करते, हे त्याला ठाऊक होतं.

दिवसा तो बापाच्या कारखान्यात संगमरवराच्या लाद्या उचलायचा. चेंडू लांबून टाकणं त्याला कधी जमलं नाही. त्याचं काम एकच, समोरच्या धिप्पाड माणसाला रिंगजवळची जागा मिळू न देणं. लोक बघतात ते बास्केट कुणी केलं. चेंडू येण्याआधी रिंगखाली दोन माणसं काय रेटारेटी करतात, तिकडं कुणाचं लक्ष नसतं. तन्नूसची हयात त्या रेटारेटीत गेली, तीही बहुतेक सरावात, संघाच्या मुख्य सेंटरला घाम फोडण्यात. त्या सेंटरचा घोटा आता मुरगळला होता.

कोच वदीअ डोकं खाजवत होता. "बारकी पोरं घेऊन त्या टेरेलला पळवू का?"

"पळव. पण तो रिंगखाली येऊन थांबला की?"

"तू थांबवशील त्याला?"

"थांबवणार नाही. उशीर करीन," तन्नूस म्हणाला. "त्याची एक जागा आहे, रिंगच्या डाव्या अंगाला. तिथं त्याचा पाय रोवला की संपलं. तिथं आधी माझा पाय असेल."

"आणि हात द्यायचा नाही."

"खिशात ठेवतो."

"चड्डीला खिसा नसतो, गाढवा," वदीअ म्हणाला, आणि त्याचं नाव पहिल्या पाचांत घातलं.

सुरुवातीला टेरेलनं त्याच्या डोक्यावरून बास्केटमागून बास्केट केली. गॅलरीत ढोल बडवत बसलेला नखले हात थांबवून ओरडला, "अरे, दार तरी लोटून घे!" तन्नूसनं लक्ष दिलं नाही. प्रत्येक वेळी तो आधी पळत जायचा, पाय रोवायचा, गुडघे वाकवून लादी उचलायला बसतात तसा बसायचा, आणि टेरेलच्या पाठीला आपली छाती लावायचा. ढकलायचं नाही, शिट्टी वाजते. नुसतं हलायचं नाही. त्यामुळे टेरेलला चेंडू एक पाऊल बाहेर मिळायला लागला. एक पाऊल म्हणजे काहीच नाही. पण तेवढ्यात दुसरा गडी मदतीला पोचतो.

"तू दमत नाहीस का?" टेरेलनं मोडक्या अरबीत विचारलं.

"मेलोय. तू?"

"मी पण."

मध्यंतरानंतर टेरेल चिडला. चेंडू घेऊन अंगातलं सगळं वजन मागं टाकून रेटू लागला. तन्नूसनं ते छातीवर तोललं, आणि एकाएकी बाजूला सरला. टेरेल चेंडूसकट जमिनीवर बसला. चेंडू घेऊन असं बसणं नियमात बसत नाही, म्हणून पंचांनी शिट्टी वाजवून चेंडू झाहलेला दिला. आणि तन्नूसचा हात आपसूक पुढं गेला.

"नाही!" सगळी गॅलरी एका सुरात किंचाळली.

तन्नूसनं तो हात वर नेऊन स्वतःचं डोकं खाजवलं. खाली बसल्या बसल्या टेरेललाही हसू आवरेना.

शेवटची चढाई. झाहले एका गुणानं पुढं, चेंडू बैरूतकडं. टेरेल आपल्या जागेकडं धावला. तन्नूस तिथं होताच. टेरेलनं खांद्यानं धडक दिली. मग परत. तन्नूस वीतभर सरकला, तेवढाच. चेंडू आला तेव्हा टेरेल रिंगपासून दीड पाऊल बाहेर होता. तो वळेपर्यंत झाहलेचा दुसरा गडी अंगावर आला. टेरेलनं चेंडू कोपऱ्यात दिला, तिथून फेक झाली, चेंडू रिंगवर आपटून वर उडाला.

सगळे वर बघत होते. तन्नूसनं चेंडूकडं पाहिलंच नाही. तो वळला, पाठ टेरेलच्या पोटाला लावली, खाली बसला आणि हात पसरून उरला होता तेवढा सगळा जोर पाठीत आणला. टेरेलचे लांबलचक हात त्याच्या डोक्यावरून हवेत गेले, पण चेंडू त्यांच्या पुढं पडला. झाहलेच्या बुटक्या मिलादनं तो पोटाशी धरला आणि त्याच्यावर पालथा पडला. भोंगा वाजला.

लोकांनी मिलादला खांद्यावर घेतलं. तन्नूस रिंगखालीच बसून राहिला. गुडघे सरळ होईनात. रिमोंदा गॅलरीतून उतरून आली.

"उठ की."

"थांब जरा. ते ऐकत नाहीयेत."

तिनं वदीअला विचारलं, "फायनलला समोर कोण?"

"त्रिपोलीवाले. त्यांचा सेंटर टेरेलहून वजनदार आहे, वहिनी."

रिमोंदानं नवऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. तो लहान पोरासारखा हसत होता.

"बर्फाची लादीच आणायला हवी मग," ती म्हणाली आणि पर्स काखेत मारून दाराकडं निघाली.